बारा वर्षं मुरलेली व्हिस्की आणि आपलं यकृत



आषाढ संपत आला की शनिवार पेठेतल्या आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा आधी दार नीट लागलंय का बघतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "डॉक्टर, थोडीशी घेतली तर चालेल ना? म्हणजे साधी नाही हो, चांगल्यातली. बारा वर्षं मुरलेली."

गटारी तोंडावर असते, मित्रांचा कार्यक्रम ठरलेला असतो आणि डॉक्टरांचा एक होकार हवा असतो. "चांगल्यातली" या शब्दावर तर फारच भिस्त असते. स्वस्तातली पितो तो दारुडा आणि महागातली चाखतो तो रसिक, अशी आपल्याकडे सरळ विभागणी आहे. रसिकतेबद्दल माझी तक्रार नाही, पण तिचा आधार घेऊन यकृताला गप्प बसवता येत नाही. आजचा लेख त्यावर आहे. त्यात माहिती आहे आणि माझं मतही आहे.

एका पेशंटची गोष्ट

वय ६१. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, वाचन दांडगं, बोलणं मोजकं. मधुमेहाची गोळी चालू होती. नेहमीच्या तपासणीत यकृताची एन्झाइम्स, त्यातही जीजीटी, बरीच वाढलेली आढळली आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसलं. मी दारूबद्दल विचारलं.

"दोन पेग. रोज. जेवणाआधी. पण मी सोडा-कोकमध्ये ढोसत नाही, डॉक्टर. मुलगा अमेरिकेहून येताना बर्बन आणतो. एरवी बारा वर्षांची स्कॉच. हळूहळू, चव घेत."

दोन पेग म्हणजे किती, हे मी सहसा विचारत नाही, कारण घरचा पेग हाताने ओतलेला असतो आणि हात नेहमी उदार असतो. मी विचारलं, "बाटली किती दिवस पुरते?"

ते थोडे थांबले. उत्तर त्यांच्या पत्नीने दिलं. "चार दिवस."

साडेसातशे मिलिलिटरची बाटली चार दिवसांत, म्हणजे रोज जवळजवळ १८० मिलिलिटर. मी म्हटलं, "काका, याला बाजारात क्वार्टर म्हणतात. तुम्ही रोज एक क्वार्टर पिता."

त्यांचा चेहरा उतरला. क्वार्टर हा शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरला होता. काकांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधी मुरणं म्हणजे काय ते समजून घेऊ.

पिंपात नेमकं काय होतं?

काही वर्षांपूर्वी मी भाच्याकडे ओहायो राज्यात सिनसिनाटीला गेलो होतो. तिथून नदी ओलांडली की केंटकी लागतं. जगातली बहुतेक बर्बन याच राज्यात तयार होते. भाच्याने मला एका डिस्टिलरीत नेलं. तिथल्या गोदामातला वास माझ्या अजून लक्षात आहे. ओलं लाकूड, व्हॅनिला आणि गूळ उकळताना चुलीजवळ येतो तसा काहीसा वास.

बर्बनसाठी अमेरिकेत कडक नियम आहेत. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. दारू ठेवायची ती ओकच्या कोऱ्या आणि आतून जाळून कोळसा केलेल्या पिंपात. पिंपात जाताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांहून जास्त नको. बाटलीत भरताना ते किमान ४० टक्के हवं. रंग किंवा चव बाहेरून घालायची नाही. पिंपात शिरताना दारू पाण्यासारखी रंगहीन असते. तिचा तपकिरी रंग आणि बरीचशी चव लाकडातून येते.

लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं, म्हणून व्हॅनिलाचा वास येतो. लाकडातली साखर जळून कॅरॅमलसारखी गोडी येते. ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या द्रव्यांमुळे सुक्या खोबऱ्याचा वास येतो. युजेनॉलमुळे लवंगेचा वास येतो, आणि हे तेच युजेनॉल आहे जे दातदुखीच्या लवंग तेलात असतं. जळालेला कोळशाचा थर कच्च्या दारूतली गंधकाची उग्र द्रव्यं शोषून घेतो. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते आणि हिवाळ्यात आकसून बाहेर येते. मुरणं म्हणतात ते हेच. आपल्या लोणच्याच्या बरणीचं तत्त्व फार वेगळं नाही.

या काळात पिंपातून काही भाग हवेत उडून जातो. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. थंड स्कॉटलंडमध्ये हा वाटा वर्षाला साधारण २ टक्के असतो. बंगळुरू आणि गोव्याच्या हवेत तो ८ ते १२ टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याकडचे देवदूत जास्त पितात म्हणायचे! म्हणूनच बंगळुरूची अमृत किंवा गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन या सिंगल माल्ट व्हिस्की पाच-सहा वर्षांतच पुरेशा मुरतात. बारा-पंधरा वर्षं ठेवायचं म्हटलं तर पिंपात फार काही उरणार नाही आणि उरेल त्याला लाकडाचा कडवटपणा येईल. गंमत म्हणजे या आपल्या व्हिस्की बहुधा केंटकीतून आलेल्या, बर्बन काढून घेतलेल्या वापरलेल्या पिंपांतच मुरतात.

म्हणजे लेबलवरचं वय हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र नाही. हवा बदलली की वयाचा अर्थ बदलतो. आणखी एक, बाटलीत भरल्यावर मुरणं थांबतं. लग्नात मिळालेली बाटली वीस वर्षं शोकेसमध्ये ठेवली म्हणून ती वीस वर्षांनी जुनी व्हिस्की होत नाही. जुनी होते ती फक्त बाटली.

आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त व्हिस्कीचा मुरण्याशी संबंध त्याहून कमी असतो. त्यातल्या बऱ्याच ब्रँडमध्ये मुख्य भाग उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या शुद्ध स्पिरिटचा असतो. त्यात थोडी माल्ट व्हिस्की आणि कॅरॅमलचा रंग मिसळतात. तेव्हा चवीतला फरक खरा आहे, हे मी मान्य करतो.

मुरल्याने काय बदलत नाही?

इथे रसिक आणि डॉक्टर यांची वाट वेगळी होते. बारा वर्षांत पिंपात शेकडो द्रव्यं बदलतात, पण इथेनॉल इथेनॉलच राहतं. त्याचं वय वाढत नाही आणि ते सौम्य होत नाही. घशाला जाळ कमी लागतो म्हणून यकृतालाही कमी लागेल, हा समज चुकीचा आहे. घसा आणि यकृत यांचा यात काही संबंध नाही.

थोडं गणित करू. भारतीय व्हिस्कीत सहसा ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आलं. क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. बाटली दोनशेची असो की वीस हजारांची, आकडा जवळपास तोच राहतो.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हाताळू शकतं. म्हणजे एका लार्ज पेगसाठी दोन ते तीन तास लागतात. ताक, लिंबू, कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. या प्रक्रियेत आधी असिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होतं. ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग निर्माण करतं हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात. तंबाखूही याच गटात आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन या अवयवांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध आहे. जोडीला तंबाखू असेल तर तोंडाचा आणि घशाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो.

चांगल्यातलीचा एक फायदा मात्र खरा आहे. अधिकृत, सीलबंद बाटलीत मिथेनॉलच्या विषबाधेची भीती नसते. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. पण तो फायदा कायदेशीर उत्पादनाचा आहे. मुरण्याशी त्याचा संबंध नाही.

उलट, सकाळच्या डोकेदुखीबाबत मुरलेली दारू थोडी वाईटच. लाकडातून आणि आंबवण्यातून आलेली जी द्रव्यं चव देतात, त्यांतली काही हँगओव्हरही वाढवतात. बर्बन आणि व्होडका यांची तुलना करणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासात बर्बनचा हँगओव्हर जास्त त्रासदायक ठरला. पण दुसऱ्या दिवशी कामात पडणारा फरक दोन्हीकडे सारखाच होता, कारण तो इथेनॉलचा होता.

"पण डॉक्टर, थोडी हृदयाला चांगली असते ना?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची पाटीच लावावी असं वाटतं. जुन्या अभ्यासांत थोडं पिणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसले होते हे खरं. पण त्यांतल्या अनेक अभ्यासांत 'न पिणारे' या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही धरले होते. मुळात आजारी असलेल्यांशी तुलना केली तर थोडं पिणारा निरोगी दिसणारच. शिवाय थोडं पिणारे बहुधा सुस्थितीतले, व्यायाम करणारे, वेळेवर तपासण्या करणारे असतात. हे हिशेब नीट केल्यावर तो फायदा बराचसा विरून जातो. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं, आरोग्यासाठी पूर्ण सुरक्षित असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही.

औषध म्हणून दारू ही कल्पना आपल्याकडे मुरलेली आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातसुद्धा 'आरोग्य परवाना' अशी तरतूद आहे. घरोघरी सर्दीला ब्रँडी दिली जायची, काही घरांत तान्ह्या बाळाच्या छातीलाही चोळायचे. ब्रँडीने ऊब वाटते ती त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या पसरल्यामुळे. प्रत्यक्षात शरीर त्या वाटेने उष्णता गमावत असतं. बाळाला तर ती कुठल्याही रूपात देऊ नका.

चव म्हणजे काय आणि ती किती मिलिलिटरमध्ये मिळते?

आता माझं मत. मी स्वतः वर्षातून दोन-चार वेळा घेतो आणि हे पेशंटपासून लपवत नाही. त्या डिस्टिलरीत मला चाखायला दिलेली बर्बन एका घोटाएवढी होती, साधारण १५ मिलिलिटर. त्यात अर्धा तास गेला आणि मी दुसरी मागितली नाही.

ती चाखण्याची पद्धत अशी होती. पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता ग्लास, म्हणजे वास आत साठतो. आधी रंग बघायचा. मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, नाक ग्लासात खुपसायचं नाही. मग अगदी लहान घोट जिभेवर फिरवायचा, गिळायचा आणि नाकाने श्वास सोडायचा. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो आणि तो घशाच्या मागून नाकात पोहोचतो. सर्दीत आमटी बेचव लागते ती याचमुळे. दुसऱ्या घोटाआधी पाण्याचे चार थेंब घालायचे. काही सुगंधी द्रव्यं पाण्यामुळे वर पृष्ठभागाशी येतात, हे २०१७ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी संगणकाच्या मदतीने दाखवलं.

घशाला जो जाळ जाणवतो तो मिरचीचा आहे असं म्हटलं तरी चालेल. मिरचीतलं कॅप्सायसिन मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला चेतवतं, त्यालाच अल्कोहोल इतकं हळवं करतं की शरीराचं नेहमीचं तापमानही त्याला चटका वाटतं.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा. नाक लवकर थकतं. तोच वास सारखा घेतला की मेंदू तो नोंदवायचं थांबवतो. वर अल्कोहोलने मेंदू सुस्तावतो. म्हणजे पहिल्या १५-२० मिलिलिटरमध्ये जी चव कळते ती दुसऱ्या लार्ज पेगमध्ये कळतच नाही. तिसऱ्या पेगला बारा वर्षांची कुठली आणि बारा दिवसांची कुठली, हे डोळे मिटून ओळखून दाखवावं. चखण्याला तिखट शेव आणि चिली चिकन असेल तर पहिल्यालाही नाही.

म्हणून मी म्हणतो, चव हवी असेल तर ती १५-२० मिलिलिटरमध्ये मिळून जाते. त्यापुढे जे प्यायलं जातं ते चवीसाठी नसतं. ते झोपेसाठी असतं, एकटेपणासाठी असतं, मित्रांना नाही म्हणता येत नाही म्हणून असतं किंवा सवय म्हणून असतं. या कारणांना मी हसत नाही, ती माणसाची खरी कारणं आहेत. पण त्यांना रसिकता म्हणू नका, कारण नाव चुकलं की उपायही चुकतो.

तुम्ही काय करावं?

१. पीत नसाल तर कुठल्याही 'फायद्यासाठी' सुरू करू नका.

२. पीत असाल तर मापाने ओता. शंभर-दीडशे रुपयांचं पेगचं माप आणा. पहिल्या दिवशी नेहमीसारखं हाताने ओता आणि मग मोजा. बहुतेकांना धक्का बसतो.

३. गरोदरपण, यकृताचा आजार, फिट्स किंवा पूर्वीचं व्यसन असेल तर मात्रा शून्य. झोपेच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या चालू असतील तर दारूला हात लावू नका, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिनवर रिकाम्या पोटी प्यायल्यास साखर धोकादायक खाली जाते. लक्षणं नशेसारखीच दिसतात, त्यामुळे आजूबाजूचे "झोपू दे त्याला" म्हणतात आणि उशीर होतो.

४. गाडीच्या किल्ल्या घरी ठेवा. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. मध्यम बांध्याचा पुरुष एका लार्ज पेगनेही ती ओलांडू शकतो. स्त्रियांमध्ये तेवढ्याच दारूने पातळी आणखी वर जाते.

५. स्वतःला चार प्रश्न विचारा. कमी करायला हवं असं कधी वाटलं का? कोणी टोकल्यावर राग आला का? पिण्याबद्दल अपराधी वाटलं का? सकाळी उठल्यावर प्यावीशी वाटली का? दोन किंवा अधिक उत्तरं 'हो' असतील तर डॉक्टरांशी बोला.

६. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम, एकट्याने बंद करू नये. हात कापणं, भ्रम होणं, फिट येणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवा.

काकांचं काय झालं?

त्यांनी मला तेच सांगितलं जे अनेक जण सांगतात. "मी श्रावण पाळतो, डॉक्टर. व्यसन असतं तर जमलं असतं का?"

मी म्हटलं, "छान. या वर्षीही पाळा. पण मधुमेह आहे आणि रोजची क्वार्टर आहे, तेव्हा आठ दिवस आधीपासून माझ्या सांगण्याप्रमाणे कमी करत आणा. आणि श्रावणात काय आठवतंय ते एका वहीत लिहा. चव आठवते का, की आणखी काही."

तिसऱ्या आठवड्यात ते आले. एकटेच. वही आणली नव्हती. म्हणाले, "चव एकदाही आठवली नाही. पहिले पाच-सहा दिवस झोप लागली नाही. अकरा वाजता ओंकारेश्वरापर्यंत चालत जायचो आणि परत यायचो. मुलगा गेल्यापासून घरात बोलायला काही उरलं नाही हो, म्हणून रात्र लवकर संपवायला घेत होतो." मुलगा गेल्यापासून म्हणजे अमेरिकेला गेल्यापासून. त्याला अकरा वर्षं झाली होती.

इतक्या वर्षांत आम्ही त्यांची साखर मोजली, रक्तदाब मोजला. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, मीही नाही. बारा वर्षांच्या लेबलाआड तो नीट झाकला गेला होता.

दारूने झोप लवकर लागते पण ती तुकड्यातुकड्यांची असते. मध्यरात्रीनंतर जाग येते आणि स्वप्नांची झोप कमी होते. हे समजावलं, झोपेच्या सवयींवर काम केलं, समुपदेशकाकडे पाठवलं. श्रावण संपल्यावरही त्यांनी पुन्हा सुरू केली नाही. तीन महिन्यांनी जीजीटी बरंच उतरलं होतं. फॅटी लिव्हरला अजून वेळ लागेल. मुलाने आणलेली शेवटची बर्बन कपाटात न उघडलेली आहे. तिचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुलालाच परत द्या आणि का परत देताय तेही सांगा.

सगळ्यांचं इतक्या सहज होत नाही. आपल्या पुण्यात १९८६ पासून डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आहेत, १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क मदत क्रमांक आहे. तिथे जाणारा माणूस दुबळा नसतो. दुबळं करणारी गोष्ट त्याने ओळखलेली असते.

तेव्हा गटारीला कोणी कौतुकाने बारा वर्षं मुरलेली पुढे केली आणि तुम्हाला घ्यायचीच असेल, तर एक घोट घ्या, लवंग आणि खोबरं सापडतंय का बघा. मग ग्लास खाली ठेवून बघा. ठेवता आला तर उत्तम. ठेवता येईना, तर लाजू नका, पण स्वतःला फसवूही नका. दवाखान्यात या. दार लावून घेऊ आणि बोलू.